सातवीचं विज्ञान घरी: किट, ऑनलाइन क्लास का बालभारती? (सांगलीतनं रिव्ह्यू)

आमचा लेक सातवीचं वर्ष घरीच करतोय. का, ते इथं सांगत बसत नाही, लोक रस्त्यात गाठून विचारतातच. भाषा, गणित, इतिहास निघून जातं, घोडं अडतं ते विज्ञानाला, कारण शाळेत निदान लॅब तरी असते (कपाटाला कुलूप असतं ते सोडा). तर आम्ही तीन प्रकार वापरून बघितले, त्याचा हा रिव्ह्यू. पैसे सगळे खिशातले, कुणी फुकट काही दिलेलं नाही.

पहिलं किट. दर महिन्याला कुरिअरनं बॉक्स येतो तसलं, कंपनीचं नाव घेत नाही. बॉक्स दिसायला एकदम भारी, आत मोटर, एलईडी, भिंग, लिटमस, पुडीपुडीत केमिकल आणि रंगीत माहितीपुस्तक, तेही इंग्रजीत. सेल मात्र आपले आपण आणायचे! आता गंमत बघा, पुस्तकातल्या चित्रात एकच सेल आणि त्यावर लाल एलईडी पेटलेला. आमचा काही पेटंना. पाय उलटेसुलटे करून बघितले (लांब पाय प्लसला लावायचा), नवा सेल आणला, तरी तेच. शेवटी लेकानं टीव्हीच्या रिमोटमधले दोन्ही सेल काढले, एकाला एक लावून धरले आणि पेटला की! साध्या सेलचे दीड व्होल्ट आणि लाल एलईडीला लागतात पावणेदोन-दोनच्या आसपास, हे आता तो जन्मात विसरायचा नाही. (बराच वेळ पेटवायचा तर मध्ये रेझिस्टर घाला.) म्हणजे त्या अख्ख्या बॉक्समधलं सगळ्यात चांगलं शिक्षण कंपनीच्या चुकीमुळं झालं. बाकी प्रयोगांत ‘हे ह्यात घाला, असा रंग येईल’ असं आधीच छापलेलं, फोटोसकट, मग पोरानं बघायचं काय? रंग आला की झालं, पान उलटा. सुट्टीत वेळ घालवायला बरं, पण वर्षभराचं विज्ञान त्यावर होणार नाही. पाचपैकी दोन, ते पण मोटरसाठी.

ऑनलाइन क्लासचं फार सांगण्यासारखं नाही. ट्रायल घेतला, सर हुशार, ॲनिमेशन सुंदर, आणि आमचं ध्यान खुर्चीत बसून जांभया देतंय. त्यानंतर जे फोन सुरू झाले ते विचारू नका.

मग राहिलं बालभारतीचं सामान्य विज्ञान. मी आधी नाक मुरडलेलं, खरं सांगते, पण नीट चाळलं तर पुस्तक चांगलं आहे हो. वीस पाठ, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट, क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर जातं. त्यात ‘करून पहा’ म्हणून चौकटी आहेत ना, खरा माल तिथंच आहे. फक्त उत्तर लगेच खाली दिलेलं असतं, त्यामुळं आमच्याकडं नियम असा की ‘करून पहा’च्या खालचं सगळं वहीनं झाकायचं, काय होईल ते आधी पेन्सिलीनं लिहायचं आणि मगच हात लावायचा. अंदाज चुकला तरी खोडायचं नाही. एवढ्यानं पुस्तकाचा नूरच बदलतो. स्वाध्यायातल्या व्याख्या आणि रिकाम्या जागा आम्ही सरळ सोडतो, आणि ‘स्थितिक विद्युत’ वगैरे भाषा पोरांना जड जाते, ते वाचून समजावून सांगावं लागतं, ही तयारी ठेवा. जोडीला एनसीईआरटीचं सातवीचं नवीन ‘क्युरिऑसिटी’ ठेवलंय, २०२५ ला आलेलं, ॲसिड-बेसचा धडा त्यात जास्त रंगवून आहे.

सामान कुठनं आणायचं म्हणाल तर सांगलीत राहून हा प्रश्न पडायलाच नको. आयोडीन मेडिकलमध्ये. मोरचूद (कॉपर सल्फेट) कृषी सेवा केंद्रात, द्राक्षवाले बोर्डो फवारणीसाठी नेतात तेच, किटमध्ये त्याची चिमूटभर पुडी येते. पाण्यात विरघळवून लोखंडी खिळा सोडला की त्यावर तांबं चढतं आणि निळा रंग फिका पडत जातो. विषारी आहे पण ते, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका आणि हात धुवा. आणि हळद तर काय, आपल्याच गावची! हळदीच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवल्या, एकीवर कपड्याच्या साबणाचं पाणी, एकीवर लिंबू, एकीवर नुसतं पाणी. साबणाची लालभडक झाली. लिंबाची आणि पाण्याची दोन्ही पिवळीच, आणि लेकानं वहीत लिहिलेलं की लिंबाची हिरवी होईल. मग त्यानंच विचारलं, आई, म्हणजे हळदीला आंबट आणि साधं ह्यातला फरक कळत नाही का? नाहीच कळत. त्यासाठी मग जास्वंद आणली. सासूबाई बाजूला बसून बघत होत्या, म्हणाल्या, अगं, हळदीला चुना लावला की लाल होतं, कुंकू तसंच तर करायचे. लगेच चुन्याची डबी आली, पुढचा सगळा तास त्यांनीच घेतला.

भौतिक राशींच्या मापनाला कृष्णेवरचा आयर्विन पूल घेतला. पुराच्या पाण्याची इशारा पातळी तिथं ४० फूट, धोका ४५, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं, हे इथं पोरासोरांना पाठ असतं. पण क्युसेक म्हणजे काय? सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. मग त्याला विचारलं, कोयनेतनं लाख क्युसेकनं पूर्ण दिवस पाणी सोडलं तर किती टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) जाईल? दिवसाचे ८६,४०० सेकंद, गुणाकार करून ८.६४ आलं. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, तर बारा दिवसांत रिकामं का, असा त्याचा प्रश्न, आणि वरनं येणारं पाणी विसरलास का, असं त्याच्या बाबांचं उत्तर, मग जेवणापर्यंत तेच चाललेलं. ध्वनीच्या पाठाला मिरजेला सतारमेकर गल्लीत जायचंय, ते राहिलंय अजून.

परीक्षेची काळजी करणाऱ्यांसाठी: एनआयओएसची (म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, शाळेत न जाता परीक्षा देता येते ते) ओपन बेसिक एज्युकेशनची सी लेव्हल आठवीच्या समकक्ष धरतात, आणि दहावीला किमान वय १४ लागतं, मराठी माध्यम आहे. पाठ त्यामुळं कुठल्याही क्रमानं घेता येतात, आणि घ्याच. स्थितिक विद्युत तेवढं पावसाळ्यात काढू नका. आम्ही जुलैत फुगा केसांवर घासघासून दमलो, कागदाचे कपटे हलायला तयार नाहीत, दमट हवेत चार्ज टिकतच नाही. तो पाठ आता डिसेंबरवर ढकललाय.