‘क्रँक गेला’ म्हणून ५८,७०० रुपये घेतले, इंजिन मात्र उघडलेच नव्हते

निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात जुन्या डिझेल पिकअपवर घर चालवणारे शेकडो लोक आहेत आणि त्यांपैकी कुणाच्याही गाडीला उद्या अनोळखी आवाज सुरू होऊ शकतो, म्हणून लाज बाजूला ठेवून हे सविस्तर लिहीत आहे. माझी बोलेरो पिकअप २०११ सालची, २५२३ सीसी इंजिनाची आणि जुन्या पद्धतीच्या फ्युएल पंपाची आहे. ती मी शोरूममधून नवी घेतली होती आणि तेव्हापासून तिचे इंजिन एकदाही उतरवलेले नव्हते, एवढे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

संकेश्वरहून मिरची भरून कोल्हापूरला निघालो असताना तवंदी घाटात बॉनेटखालून घरघर सुरू झाली. तो ठोका नव्हता. इंजिन चालू असेपर्यंत अखंड राहणारी, अॅक्सिलरेटर दाबला की चढणारी आणि हेडलाइट लावले की आणखी वाढणारी अशी ती घरघर होती. कोगनोळी नाका ओलांडून कागलच्या पुढे गेल्यावर आवाज इतका वाढला की महामार्गालगतच्या एका गॅरेजसमोर गाडी थांबवणे भाग पडले. गॅरेजचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावली आणि क्षणात निकाल दिला, “मालक, क्रँक गेलाय. आणि धा किलोमीटर चालवलीसा तर रॉड ब्लॉक फोडून भाईर येतोय.” (क्रँक म्हणजे पिस्टनचे रॉड ज्याला जोडलेले असतात तो इंजिनातला मुख्य फिरता दांडा, आणि ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा.) हेडलाइट लावल्यावर आवाज वाढतो, हे मी त्याला दोनदा सांगितले. त्याने ते कानावर घेतले नाही. उलट चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून दाखवला आणि तिसऱ्या सिलिंडरला इंजिन हादरताच “हितंच हाय बघा” असे म्हणाला. कोणत्याही सिलिंडरचे डिझेल तोडले की इंजिन लंगडते आणि त्याचा आवाज बदलतोच. खरी पारख वेगळी असते. रॉडचे बेरिंग गेले असेल तर त्या सिलिंडरचे डिझेल तोडल्यावर ठोका दबतो. माझ्या गाडीची घरघर चारही वेळा जशीच्या तशी चालू होती. (कॉमन रेलच्या, म्हणजे नव्या पद्धतीच्या जास्त दाबाने डिझेल सोडणाऱ्या, गाड्यांमध्ये हा नट चालू इंजिनावर कुणालाही सोडू देऊ नका, तिथला दाब जीवघेणा असतो.)

मिरची दुसऱ्या गाडीत भरून पाठवावी लागली, व्यापाऱ्याचे फोनवर फोन येत होते आणि अशा घाईत समोरचा माणूस बोलेल ते खरे मानण्यावाचून माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. त्याने हिशेब असा सांगितला: इंजिन उतरवून बांधण्याची मजुरी १८,०००, लायनर-पिस्टन किट २१,५००, क्रँक ग्राइंडिंग ३,५००, मेन आणि बिग एंड बेरिंग ४,८००, ऑइल पंप ४,२००, गॅस्केट, तेल आणि फिल्टर ६,७००, एकूण ५८,७०० रुपये. त्यातले ३०,००० मी लगेच यूपीआयने पाठवले. उरलेल्या २८,७०० रुपयांसाठी त्याने रोख मागितली, कारण पक्के बिल घेतल्यास अठरा टक्के जीएसटीचे १०,५६६ रुपये वर पडतील असे तो म्हणाला. भाड्याच्या धंद्यात दहा हजार वाचवायला कोण नाही म्हणेल, हे मला दोष देणाऱ्यांनी सांगावे.

पैसे भरायला गेलो तेव्हा त्याने गोणपाटावर मांडून ठेवलेले ‘माझे’ जुने सामान दाखवले. एक क्रँक होता, त्याचे एक जर्नल, म्हणजे बेरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग, निळे पडलेले आणि त्यावर नखाला लागेल एवढी चर. शेजारी बेरिंगच्या वाट्या (जर्नलभोवती बसणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) होत्या, वरचा थर सोलून तांबूस झालेल्या. मी एक वाटी उचलून उलटी केली. तिच्या पाठीवर ०.२५ असा आकडा स्पष्ट कोरलेला होता, तो मी माझ्या डोळ्यांनी वाचला आणि वाटी परत खाली ठेवली. ज्या इंजिनाचा क्रँक एकदा घासून पाव मिलिमीटर बारीक केलेला असतो त्यालाच ०.२५ ची वाटी बसते. कारखान्यातून आलेल्या, कधी न उघडलेल्या इंजिनात स्टँडर्ड मापाचीच वाटी असते. ते सामान माझ्या गाडीचे असणे शक्यच नव्हते. तो आकडा आजही झोपताना डोळ्यांसमोर येतो. गावातले शहाणे आता विचारतात की तेव्हाच का नाही जाब विचारला. मी गाडी चालवतो, इंजिने बांधत नाही. बेरिंगच्या पाठीवरची मापे वाचायला ड्रायव्हरला कुणी शिकवत नाही, आणि त्या माणसाने नेमका याच अज्ञानावर धंदा मांडला आहे.

गाडी हातात आली तेव्हा आवाज पूर्ण बंद होता, म्हणून समाधानाने घरी आलो. पुढे काही आठवड्यांतच तीच घरघर परत सुरू झाली. या वेळी निपाणीतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी काही न बोलता पंख्याचा पट्टा काढला आणि इंजिन चालू केले. आवाज नाही. जेमतेम अर्ध्या मिनिटात त्यांनी इंजिन बंद केले, कारण त्याच पट्ट्यावर वॉटर पंपही फिरतो आणि पट्ट्याशिवाय इंजिन तापते. दोष अल्टरनेटरच्या, म्हणजे पट्ट्यावर फिरून गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, बेरिंगमध्ये होता. हेडलाइट लावले की अल्टरनेटरवर भार येतो, म्हणून आवाज वाढत होता. मी पहिल्या दिवशी सांगितले होते ते हेच. माझ्या गाडीत ब्रेक हलका ठेवणारा व्हॅक्यूम पंपही अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला आहे, म्हणजे ते बेरिंग घाटात बसले असते तर ब्रेक दगडासारखा घट्ट झाला असता. पहिल्या गॅरेजने हलके बेरिंग घालून आवाज तेवढा दाबला होता.

त्यानंतर माझ्या आग्रहावरून त्यांनी खालचा चेंबर उतरवला. हेडच्या बोल्टांवरचा रंग जसाच्या तसा होता, रॉडच्या कॅपखालची वाटी स्टँडर्ड मापाची निघाली आणि मायक्रोमीटरने मोजलेले जर्नलही मूळ मापाचे निघाले. “अण्णा, हे इंजिन कुणी उघडलेलंच नाही की हो,” एवढेच ते म्हणाले. तेल काळे होते, पण त्यावरून काही ठरवू नका. डिझेल इंजिनात नवे तेलही लवकर काळे पडते. चांगल्या प्रतीची दोन बेरिंगे आणि मजुरी मिळून त्यांनी १,४५० रुपये घेतले आणि पावती न मागता दिली.

खरा संताप यापुढचा आहे. हद्दीपलीकडच्या पोलीस ठाण्यात गेलो तर गाडीची केए २३ पासिंग पाहून “तुमच्या कर्नाटकात तक्रार द्या” असे सांगण्यात आले. हद्दीअलीकडच्या ठाण्यात गेलो तर “गुन्हा महाराष्ट्रात घडला, तिकडे जा” असे उत्तर मिळाले, आणि शिवाय मराठीत लिहिलेला अर्ज कन्नडमध्ये करून आणण्यास सांगितले. तो भाषांतर करून नेला, त्याचे ४०० रुपये मोजले, तर “ही दिवाणी बाब आहे, वकील करा” असे म्हणून तो परत केला. दुसऱ्याच इंजिनाचे तुटके सामान दाखवून पैसे उकळणे ही दिवाणी बाब कशी होते, याचे उत्तर एकाही साहेबांनी दिले नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची आहे. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे आणि तरीही सीमाभागातल्या माणसाला दोन्ही राज्ये एकमेकांच्या दारात ढकलतात. सत्तर वर्षे आम्ही हेच सोसत आलो आहोत आणि ठग लोकांना ते आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पलीकडच्या पासिंगची गाडी म्हणजे परत भांडायला न येणारे गिऱ्हाईक, असा त्यांचा हिशेब असतो.

ठाण्याने अर्ज घेतला नाही तर त्याच कलमाखाली तो पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येतो. मी रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे आणि पोचपावती जपून ठेवली आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, गॅरेज कोणत्या राज्यात आहे याने फरक पडत नाही. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही, मुदत मात्र दोन वर्षांचीच आहे. तक्रार कशी करायची हे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर विचारता येते. रोख दिलेल्या २८,७०० रुपयांचा माझ्याकडे कागद नाही, म्हणून पक्के बिल सोडू नका, त्याचे १०,५६६ रुपये गेले तरी चालतील. इंजिन उतरवू देण्याआधी आपल्यासमोर पट्टा काढून आवाज ऐकायला लावा. उतरवायचेच ठरले तर उघडताना स्वतः उभे राहा, ब्लॉकच्या नंबरसह फोटो काढा, आणि जुने सामान मोडीत घालतो म्हणाला तरी त्याच्याकडे ठेवू नका. कागल ते कोल्हापूर या टप्प्यात ज्यांना ०.२५ च्या वाट्या दाखवून ‘क्रँक गेला’ असे सांगितले गेले असेल, त्यांनी आपले यूपीआयचे पुरावे पुसू नयेत आणि आपापल्या जिल्ह्यात तक्रार द्यावी; एकट्याच्या अर्जाला ही माणसे भीक घालत नाहीत.