लेझर डायोडचा ड्रायव्हर: लिनियर बनवावा की स्विचिंग?

गोव्यात फर्मागुढीला इंजिनियरिंग शिकणारी मुलं प्रोजेक्टच्या दिवसांत हा प्रश्न घेऊन येतात. ड्रायव्हर म्हणजे डायोडला करंट पुरवणारं सर्किट. लिनियर ड्रायव्हर जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो, स्विचिंग ड्रायव्हर झपाट्याने चालू-बंद होत ते उतरवतो. मी आधी दोन गोष्टी विचारतो: डायोड किती अँपिअरचा, आणि तुमच्या गावात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते-येते?

कुठलाही प्रकार घ्या, स्थिर ठेवायचा तो करंट, व्होल्टेज नव्हे. डायोड तापला की त्याचं व्होल्टेज उतरतं. सप्लाय ठरावीक व्होल्टेजचा असला तर करंट चढतो, डायोड आणखी तापतो. शिवाय मर्यादेबाहेरचा करंट क्षणभर जरी उसळला, तरी प्रकाश बाहेर पडतो ती कड जळते. असा डायोड दुरुस्त होत नाही.

लिनियरमध्ये एक मॉसफेट (करंट कमी-जास्त करणारा ट्रान्झिस्टर), एक ऑप-अँप (त्या मॉसफेटला चालवणारी चिप) आणि करंट मोजायला ०.१ ओमचा रेझिस्टर. ३ अँपिअरला रेझिस्टरवर ०.३ व्होल्ट येतात, ऑप-अँप तेवढेच राखतो. करंट स्वच्छ मिळतो आणि बिघाड साध्या मल्टिमीटरने सापडतो. दुखणं उष्णतेचं. ४५० नॅनोमीटरचा निळा डायोड ४.५ व्होल्ट घेतो असं धरा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला तर साडेबावीस वॉट नुसते तापण्यात जातात; ६ व्होल्ट दिले तर फक्त साडेचार.

स्विचिंगची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. ८०८ नॅनोमीटरचा ४० अँपिअरचा बार (एकाच पट्टीवरचे अनेक डायोड) जेमतेम २ व्होल्ट घेतो. तिथे ५ व्होल्टवरून लिनियर म्हणजे १२० वॉटची शेगडीच. तिथे स्विचिंगला पर्याय नाही. भीती आहे ती आउटपुटवरच्या कपॅसिटरची. डायोडचा संपर्क सुटला की तो वरच्या व्होल्टेजपर्यंत भरतो, आणि संपर्क पुन्हा जुळताच सगळा डायोडमधून रिकामा होतो. माझा एक डायोड असाच गेला. खाऱ्या दमट हवेने कनेक्टर हिरवा पडला होता. मात्र लिनियरवालेही यातून सुटत नाहीत: करंट थांबला की ऑप-अँप मॉसफेट पूर्ण उघडून बसतो, आणि संपर्क जुळताच करंट उसळतो. म्हणून आपल्याकडे डायोडच्या तारा कनेक्टरने नव्हे, सोल्डरनेच जोडाव्यात.

३ अँपिअरपर्यंतच्या एकट्या डायोडला मी लिनियरच सांगेन. हाताशी १२ व्होल्टच असतील तर आधी स्विचिंगने ६ व्होल्ट करा आणि त्यानंतर लिनियर ठेवा. वीज आल्यावर करंट हळूहळू चढेल अशी सोय दोन्हींत हवीच.

पेल्टियरने (विजेवर थंड होणाऱ्या चकतीने) डायोड २० अंशांवर नेऊ नका. जुलैत त्यावर दव धरतं.

पहिली चाचणी लेझरवर नको. ३ अँपिअरचे साधे रेक्टिफायर डायोड पाच एकामागे एक जोडा आणि ऑसिलोस्कोप (उसळी पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून सप्लाय दहा-वीस वेळा चालू-बंद करा. उसळी दिसली नाही, तरच खरा लेझर डायोड जोडा. अर्ध्या वॉटच्या वर तो चौथ्या वर्गाचा लेझर ठरतो, तेव्हा त्या तरंगलांबीचा चष्मा आधी डोळ्यांवर चढवा.