व्याख्यान, इन्स्टॉलफेस्ट की नुसत्या गप्पा? कम्प्युटर ग्रुपच्या बैठकीसाठी काय निवडाल

लिनक्सवाल्यांचा ग्रुप असो, पायथनवाल्यांचा असो की ज्येष्ठांचा कम्प्युटर क्लब, बैठकीची गर्दी ओसरली की आयोजक आधी ‘मोठा वक्ता’ शोधायला धावतात. हा शोधच मला चुकीचा वाटतो. तासाभराचं उत्तम व्याख्यान यूट्यूबवर घरबसल्या मिळतं. शनिवारची झोप मोडून माणूस येतो तो माणसं भेटतील म्हणून. त्यामुळे कुठलाही प्रकार निवडताना एवढंच बघा: नवा आलेला सभासद इथून किती जणांशी बोलून जाईल?

व्याख्यान या कसोटीत सपशेल नापास. मात्र आयोजन सोपं, आणि फाइल सिस्टिमसारखा खोल विषय समजवायला वेळ लागतोच. ठेवायचंच असेल तर चाळीस मिनिटांवर आवरा आणि स्लाइडऐवजी डेमो मागा.

लायटनिंग टॉक, म्हणजे पाच-पाच मिनिटांची भाषणं, याहून बरी. बुजरा सभासदही पाच मिनिटं बोलायला तयार होतो, आणि एखादा विषय रटाळ निघाला तरी लवकर सुटका होते. खरा वेळ जातो लॅपटॉप जोडण्या-काढण्यात, म्हणून सगळ्यांच्या स्लाइड आधीच एका मशीनवर घ्या. ‘दोनच मिनिटं हं’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांना थांबवणारा खमक्या सूत्रधारही हवा. पुण्यात हे धाडसाचं काम आहे.

इन्स्टॉलफेस्ट, म्हणजे एकत्र बसून लोकांच्या मशीनवर नवी सिस्टिम बसवून द्यायची बैठक. त्याला सध्या चांगलं निमित्त आहे. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या जुन्या लॅपटॉपला मायक्रोसॉफ्ट विंडोज ११साठी पात्र मानत नाही. असे लॅपटॉप घरोघरी पडून आहेत. लोकांना ते घेऊन बोलवा, आणि त्यांवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवून द्या. इथे अनोळखी माणसं आपोआप बोलू लागतात, कारण दोघांच्या मध्ये एक अडलेलं मशीन असतं. पण तयारी न करता यात पडू नका. बॅकअप घरूनच घेऊन यायला सांगा. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटाला लावलेलं कुलूप, असेल तर रिकव्हरी की हाताशी हवी, नाहीतर सेटिंग बदलल्यावर मालकालाच स्वतःचा डेटा उघडता येणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड भरपूर ठेवा, आणि आयएसओ, म्हणजे लिनक्स बसवायची फाइल, आधीच पेनड्राइव्हवर घ्या. सगळे एकदम डाउनलोड करू लागले की हॉलचं वायफाय मान टाकतं. दोन-तीन मशीनमागे एक जाणकार नसेल तर हा बेत पुढे ढकला.

चौथा प्रकार जुना, तरी माझा आवडता. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये ५ मार्च १९७५ला एका गॅरेजात होमब्रू कम्प्युटर क्लब या हौशी कम्प्युटरवाल्यांच्या क्लबची पहिली बैठक झाली. पुढे क्लबातलेच एक इंजिनिअर ली फेल्सेनस्टाइन बैठका चालवू लागले तेव्हा त्यांनी ‘मॅपिंग’ची पद्धत रुळवली. ज्याला सांगायचंय त्याने थोडक्यात सांगायचं: मी काय बनवतोय, काय अडलंय, माझ्याकडे द्यायला काय आहे. मग येई ‘रँडम ॲक्सेस’: खुर्च्या सोडायच्या आणि ज्याच्याशी काम आहे त्याला गाठायचं. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक याच क्लबात येत आणि ॲपल-१ या ॲपलच्या पहिल्या कम्प्युटरची रचना त्यांनी इथल्या मंडळींना खुशाल दाखवली. ही पद्धत फुकट आहे, वक्ता लागत नाही. अडचण एकच: नवखे गप्प बसतात. त्यांच्यासाठी दारातच चिठ्ठी ठेवा, ‘मला हवंय’ आणि ‘मी देऊ शकतो’ अशा दोन ओळींची. सूत्रधाराने ती वाचून दाखवावी.

ऑनलाइन बैठक? परगावच्या सभासदांसाठी ठीक. हॉल आणि झूम एकदम चालवायचं असेल तर स्क्रीनवरच्यांकडे बघायला एक माणूस वेगळा नेमा.

पंधरा-वीस जणांचा, मिश्र अनुभवाचा ग्रुप असेल तर मी दर महिन्याला मॅपिंग, जोडीला दोन-तीन लायटनिंग टॉक, आणि तीन महिन्यांतून एकदा इन्स्टॉलफेस्ट असं ठरवेन. सगळेच मुरलेले असतील तर व्याख्यान ठेवायला हरकत नाही. चहा मात्र मॅपिंग संपल्यासंपल्या द्या. बैठकीच्या शेवटी दिला की लोक कप ठेवून थेट पार्किंगकडे वळतात.