सोयाबीन तारण ठेवावं का? बाजार समितीतल्या योजनेबद्दल

दसरा-दिवाळीला सगळ्यांचंच सोयाबीन एकदम बाजारात येतं आणि भाव पडतो. तरी विकावं लागतं, कारण मळणीवाला, मजूर दारात उभे असतात आणि हरभऱ्याची पेरणी थांबत नाही. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना नेमकी या दिवसांसाठी आहे. १९९०-९१ पासून चालू आहे, तरी आमच्या भावकीत कित्येकांना ती माहीतच नव्हती, याचं फार वाईट वाटतं.

माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. व्याज ६ टक्के, मुदत १८० दिवस. व्यापाऱ्याचा माल यात घेत नाहीत. किंमत धरताना मात्र बाजारभाव आणि हमीभाव यांतला जो कमी, तोच धरतात. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता. बाजार ४,००० असेल तर क्विंटलमागे ३,००० हातात येतात. पूर्ण मुदतीचं व्याज ९० रुपयांच्या आतच. उधारीवर खत-बियाणं उचलण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आम्ही माल ठेवला तेव्हा सातबारा सासूबाईंच्या नावावर, म्हणून त्या स्वतः आल्या. यंत्रात मूठभर दाणे टाकून ओलावा पाहिला, पोत्यांचं वजन झालं, थप्पी लागली, आणि पावती त्यांच्याच हातात पडली. घरूनच चाळून, ताडपत्रीवर कडक वाळवून न्या, नाहीतर माल परत आणायचं भाडं अंगावर पडतं.

अडचण जागेची आहे. गोदाम भरलं की मागून येणाऱ्याला नकारच. आठ-दहा पोती असणाऱ्याला तर ट्रॅक्टरचं भाडंच जड जातं. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून नेलं तरच परवडतं. गावाजवळ लहान गोदामं झाल्याशिवाय ही योजना दोन-तीन एकरवाल्यापर्यंत पोचणार नाही, आणि तिची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे.

थांबलं की भाव चढेलच, असं मात्र धरून चालू नका. इथल्या तेलबियांना भाव मिळावा म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्के केलं, तरी त्या हंगामात सोयाबीन हमीभावाखालीच विकलं गेलं. पुढे मे २०२५ मध्ये शुल्क १० टक्क्यांवर आणलं. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडेला मागणी नसेल तर गोदामातला मालही काही करू शकत नाही. म्हणून सगळा माल ठेवू नका, निकडीपुरता विका. ठेवलेला १८० दिवसांच्या आत सोडवा, त्यानंतर व्याजदर वाढतो.