पन्नाशीनंतर स्कूटी शिकायची असेल तर हा क्लास बघा (आर्वी तालुका)

आमच्या भागात फक्त बायकांसाठी एक स्कूटी क्लास चालते, शिकवणारी ताई इथलीच आहे. माझी माय अन् भाची एकाच बॅचले होत्या, एक साठीजवळची, दुसरी नुकतीच अठराची झालेली. ताई दोघींले एकसारखं शिकवत नाही, अन् मले तेच सगळ्यात जास्त पटलं.

पोरीले ब्रेक-एक्सलेटर दाखवलं अन् मैदानात सोडून दिलं. वळताना अंग किती झुकवायचं, एक्सलेटर कधी ढिला सोडायचा हे तिच्या हातापायांनीच उचललं, कसं जमलं विचारा तर तिले सांगताबी येत नाही. मायले मात्र ताईनं रोज एकच रस्ता दिला, ग्रामपंचायत ते मारुतीचं देऊळ अन् वापस, तोच तो. काही बायका कंटाळतात, म्हणतात पैसे कायले घेता मग, पण बाई हो तसं नाही, यामागे कारण आहे.

न कळत शिकण्यावर लय संशोधन झालं आहे. त्यातली एक चाचणी अशी असते: स्क्रीनवर चारपैकी एका जागी खूण दिसते, दिसली की त्या जागेचं बटण दाबायचं. खुणांचा क्रम लपवलेला असते, लोकांले तो सांगता येत नाही पण हात मात्र हळूहळू फास्ट होत जाते. हंगेरीत करोलिना यानाचेक अन् साथीदारांनी अशीच चाचणी ४ ते ८५ वर्षांच्या लोकांवर घेतली, २०१२ मध्ये ते छापून आलं. लपलेला क्रम सगळ्यात जोरात पकडला बारा वर्षांपर्यंतच्या लेकरांनी, त्यानंतर ते घसरत गेलं. पण म्हातारपणी हे शिकणं बंद पडते असं बिलकुल नाही. साधा, परत परत येणारा क्रम म्हातारी माणसंबी पकडतात, गुंतागुंतीचा असला की अडते. म्हणूनच तोच रस्ता! मायचा हात आधी त्या रस्त्यावर बसला, मगच ताईनं तिले बैलबाजाराच्या गर्दीत नेलं, आठ काढायला तर सगळ्यात शेवटी लावलं. आता माय एकटी वावरात जाऊन येते, मले लय अभिमान वाटते तिचा.

लहानपणी सायकल चालवलेल्या बायकांले बॅलन्स लवकर येते, मधे कितीबी वर्षं गेली तरी तो अंगातून जात नाही, तर नाव लावतानाच हे ताईले सांगून द्या.

एक गोष्ट बदलायला पाहिजे. मदतीले जो पोट्टा असते तो गाडी चालू असताना मागून सारख्या सूचना देत राहते, डावीकडे घ्या, पाय वर घ्या, हॉर्न मारा. मोठ्या वयात ऐकणं अन् चालवणं एकाच वेळी जड जाते, माय दोनदा गडबडली त्यानं. सांगायचं ते गाडी थांबवून सांगा ना.

लर्निंग लायसन्स नसेल तर ताई गाडीवर बसूच देत नाही, ते आधी काढून ठेवा. कापूस वेचणी सुरू झाली की बायकांले वेळ नसते अन् बॅच पातळ होते, तेव्हा पावसाळा ओसरला की लगेच नाव लावा, अन् जमत असेल तर सकाळचीच बॅच घ्या.