स्नॅपकास्ट: टाळ एकदाच वाजला पाहिजे

वाय-फायवरून एकच आवाज अनेक ठिकाणी एकदम वाजवायचा असेल, तर स्नॅपकास्टइतकं भरवशाचं फुकट सॉफ्टवेअर मी तरी वापरलेलं नाही. आमच्या सोसायटीत एकादशीचं भजन हॉलमध्ये होतं आणि निम्मी मंडळी खाली पार्किंगमध्ये बसतात. तिथे खांबाखांबाला स्पीकर आहेत आणि प्रत्येकाला कुणाचा तरी जुना फोन किंवा टॅब जोडलेला आहे.

योहानेस पोल यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. सर्व्हर, म्हणजे सगळीकडे आवाज पाठवणारा भाग, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या छोट्या कॉम्प्युटरवर मजेत चालतो. फोनवर काहीच टाकावं लागत नाही. ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता आणि पुढे १७८० हा पोर्ट दिला की स्नॅपवेबचं, म्हणजे आवाज वाजवणारं स्नॅपकास्टचं पान उघडतं. प्लेचं बटण मात्र प्रत्येक फोनवर हाताने दाबावं लागतं, कारण माणसाने स्पर्श केल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू होऊ देत नाही.

खरी परीक्षा टाळांची. गाणाऱ्याच्या आवाजात थोडी तफावत खपून जाते, पण टाळाचा ठोका दोन खांबांवरून मागेपुढे आला की ‘टण्ण’चं ‘टटण्ण’ होतं आणि ठेका धरणाऱ्याचा हात अडखळतो. साध्या स्ट्रीमिंगमध्ये हे होणारच. प्रत्येक फोनचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असला तरी तासाभरात १८० मिलिसेकंदांची फारकत पडते. स्नॅपकास्ट आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का मारतं, सगळ्या फोनना सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवतं, आणि कुणी मागेपुढे होऊ लागला तर एखादं सॅम्पल (डिजिटल आवाजाचा सगळ्यात छोटा कण) गाळून किंवा दोनदा वाजवून त्याला ओळीत आणतं. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल असताना, एक सॅम्पल म्हणजे सेकंदाचा ४८ हजारावा भाग, त्यामुळे ही दुरुस्ती कानाला कळतच नाही.

याची किंमत म्हणजे उशीर. मुळात ठेवलेला बफर, म्हणजे वाजवण्याआधी हाताशी साठवलेला आवाज, १००० मिलिसेकंदांचा आहे, म्हणजे पार्किंगमध्ये सगळं सेकंदभर उशिरा पोचतं. मला हा सौदा एकदम पटतो. वाय-फायने मध्येच उचकी दिली तरी तेवढ्यात ती भरून निघते आणि अभंग तुटत नाही. मात्र हॉलच्या दाराशी, जिथे खरा आवाजही ऐकू येतो, तिथे याचा स्पीकर अजिबात ठेवू नका. प्रत्यक्ष साथसंगत करणाऱ्यांसाठी तर हे नाहीच.

ब्लूटूथ स्पीकर स्वतःचा उशीर वर घालतो, बऱ्याचदा १५०–२०० मिलिसेकंदांच्या घरात. स्नॅपवेबमध्ये प्रत्येक फोनपुढे हा आकडा भरायची सोय आहे. भरला की त्या फोनवर आवाज तेवढा आधी सुटतो. आमचा आकडा मी कानानेच लावला: कुणाला तरी टाळ वाजवत ठेवायचं, दोन खांबांच्या मधोमध उभं राहायचं आणि दोन ठोक्यांचा एक होईपर्यंत आकडा सरकवत राहायचं. वायरने जोडलेल्या स्पीकरना एवढी खटपट क्वचितच लागते, तेव्हा शक्य तिथे वायरच वापरा.

फोन चार्जरला लावून स्क्रीन सुरू ठेवा. स्क्रीन बंद झाली की काही फोन ते पानच झोपवतात. आयफोन असेल तर बाजूचा सायलेंटचा खटकाही बघून घ्या.