टेनिस एल्बो: क्लिनिकचं मशीन की घरचा डंबेल?

डॉक्टरांनी टेनिस एल्बो म्हटलं आणि फिजिओची चिठ्ठी दिली, की प्रश्न पडतो: रोज क्लिनिकला जाऊन मशीन लावून घ्यायचं, की व्यायाम शिकून घेऊन घरीच करायचा? मी दोन्ही करून बघितलंय.

मशीनला नावं ठेवणार नाही. अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार) किंवा आयएफटी (सौम्य विजेच्या प्रवाहाचा उपचार) झाल्यावर हात हलका वाटतो. चहाचा कप उचलतानाही कळ येत असेल, तर तेवढा दिलासाही कमी नाही. शिवाय फिजिओचा सरावलेला अंगठा नेमक्या जागी फिरतो, ते काही घरी होत नाही.

माझं गाडं अडलं ते परतीच्या रस्त्यावर. या दुखण्यात मनगट वर उचलणारा स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतो, ती जागा दुखावलेली असते. मूठ आवळली की ताण तिथेच येतो. आणि पुण्याच्या संध्याकाळच्या गर्दीत स्कूटर चालवायची म्हणजे उजवी मूठ कायम आवळलेली. ॲक्सिलरेटर पिळा, ब्रेक दाबा, पुन्हा पिळा. दोन सिग्नल ओलांडेपर्यंत मशीनचा आराम उतरलेला असायचा. रिक्षा करावी तर जाण्यायेण्याचं भाडं सिटिंगच्या फीच्या घरात जाई.

घरच्या व्यायामाला लागतं काय, तर टेबल आणि अर्धा-एक किलोचा डंबेल. पाण्याची बाटलीसुद्धा चालते. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. दुखऱ्या हातात डंबेल धरून मनगट दुसऱ्या हाताच्या मदतीने वर न्यायचं आणि एकट्या दुखऱ्या हाताने सावकाश खाली आणायचं. पंधरा-पंधराचे तीन सेट. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर वजन कमी करायचं. कंटाळवाणं आहे, कबूल. फरक पडायला आठवडे लागतात आणि टोकायला कोणी नसतं. पण टिकाऊ आराम मला यानेच पडला, असं माझं तरी मत.

इंजेक्शनचा मोह मलाही झाला होता. 'द लॅन्सेट'मध्ये २००२ साली आलेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात १८५ रुग्ण होते. सहा आठवड्यांनी स्टेरॉइड इंजेक्शनवाल्यांपैकी ९२ टक्के सुधारले होते, फिजिओवाल्यांपैकी ४७. वर्षाने पारडं फिरलं: इंजेक्शन ६९, फिजिओ ९१ आणि नुसती वाट पाहणारे ८३! अर्थात त्या फिजिओत अल्ट्रासाउंड, मालिश आणि व्यायाम तिन्ही होतं, त्यामुळे सगळं श्रेय डंबेलला देता येणार नाही. सचिनच्या कोपराचं २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं होतं, पण आपल्यासारख्या बहुतेकांवर ती वेळ येत नाही.

क्लिनिक चालत जाण्याच्या अंतरावर असेल, किंवा कोणी मागे लागल्याशिवाय तुमच्या हातून व्यायाम होत नसेल, तर सिटिंग घ्या. नाहीतर सुरुवातीला फिजिओकडून पद्धत नीट शिकून घ्या, अधूनमधून दाखवून या आणि बाकीचं घरी करा. मात्र करंगळीत मुंग्या येत असतील, पडल्यावर दुखायला लागलं असेल किंवा कोपर सुजून अडकत असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा. ते दुखणं वेगळं असू शकतं.